तैलखर्ड्याच्या नोंदी : काम्पो चौकातला प्रोव्हेन्झान

४ नोव्हेंबर, सिएना (इटली)

प्रसंग पक्का केला. प्रोव्हेन्झान साल्वानी, तेराव्या शतकातल्या सिएनाचा सगळ्यांत वजनदार माणूस, आपल्याच गावच्या काम्पो चौकात बसून लोकांपुढे हात पसरतो. दान्तेच्या 'पुर्गातोरिओ'त, म्हणजे 'डिव्हाइन कॉमेडी'च्या शुद्धिलोकाच्या भागात, अकराव्या सर्गाच्या शेवटी हे येतं, तेही अगदी थोड्या ओळींत. त्याचा मित्र आंजूच्या शार्लच्या, म्हणजे दक्षिण इटली बळकावलेल्या फ्रेंच राजाच्या, कैदेत पडलेला. २३ ऑगस्ट १२६८ ला ताल्याकोत्सोच्या लढाईत शार्लने त्याच गादीवर हक्क सांगणाऱ्या कोराडिनचा पराभव केला आणि सिएनासारख्या घिबेलिन, म्हणजे सम्राटाच्या पक्षाच्या, गावांचे लोक धरले गेले, त्यांतला हा एक. सुटकेचा आकडा जुने टीकाकार दहा हजार सोन्याचे फ्लोरिन असा देतात. एक फ्लोरिन साडेतीन ग्रॅमचा धरला तर पस्तीस किलो सोनं. घरचं विकूनही जमेना, तेव्हा हा माणूस लाज बाजूला ठेवून चौकात बसला आणि दान्ते म्हणतो तसा शिरेन् शिरेतून थरथरला.

करायचं आहे ते असं : एकोणिसाव्या शतकातला इतिहास-चित्रकार मोठ्या कॅनव्हासला हात घालण्याआधी तैलरंगात जो छोटा खर्डा करायचा, इथले लोक ज्याला बॉत्झेत्तो म्हणतात, तसा एक आपण करायचा. कुणाच्या चित्राची नक्कल नाही. पद्धत त्यांची, मांडणी माझी. लाकडी फळी, २४ बाय ३८ सेंटिमीटर, आडवी. चेहऱ्यांचे तपशील, कपड्यांची वेलबुट्टी, बोटं, नखं यांतलं काही खर्ड्यात करायचं नाही. उजेड कुठे, अंधार कुठे, माणसं कुठे आणि मोकळी जागा कुठे, एवढंच ठरवायचं.

७ नोव्हेंबर

सकाळी उशिरा काम्पोत रेखाटनं. उतार हातात बसायला वेळ लागतो. चौक शिंपल्यासारखा खोलगट आहे, सगळीकडून खाली उतरत पालाझ्झो पुब्लिकोच्या, म्हणजे नगरपालिकेच्या वाड्याच्या, पायाशी येतो आणि पावसाचं पाणी तिथल्या मोठ्या जाळीतून खाली जातं. यातला निम्मा देखावा माझ्या उपयोगाचा नाही, कारण १२६८ मध्ये तो नव्हताच. पालाझ्झोचं काम त्या शतकाच्या अगदी शेवटी निघालं. त्याला लागून असलेला मांज्याचा मनोरा १३४८ च्या सुमारास पुरा झाला. विटांची फरसबंदी १३४९ ची. आत्ताचं कारंजं तर त्याहून पुढचं. म्हणजे प्रोव्हेन्झान बसला ती एक उतरती, मातीची, बाजाराची मोकळी जागा होती.

मोठी गंमत सावलीची. या दिवसांत अकराच्या पुढे मनोऱ्याची लांब सावली चौकावरून सरकत जाते आणि माझ्या प्रत्येक रेखाटनात ती आपोआप येऊन बसते. डोळ्यांना ती इतकी सवयीची, की काढून टाकली की चौक उघडा-बोडका वाटतो. पण जो मनोरा नाही त्याची सावली कुठून येणार? ती काढली आणि अख्ख्या उतारावर सपाट ऊन पसरलं. खर्ड्याला ते फार सोयीचं आहे. लपायला जागाच राहत नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकारांपुढेही हाच पेच असणार. बघणाऱ्याला गाव ओळखू यायला हवं, आणि गाव ओळखू येतं ते नेमकं त्या नसलेल्या मनोऱ्यामुळे. पुष्कळांनी अशा वेळी इतिहासाला मुरड घालून ओळखीची वास्तू मागे ठेवली असेल, आणि मी त्यांना दोष देणार नाही. मोठा पट विकायचा असतो. माझा खर्डा कुणी विकत घेणार नाही, त्यामुळे मला मनोरा गाळणं परवडतं.

९ नोव्हेंबर

कपडे आणि चेहरेपट्टी यांसाठी फिरले. त्याच वर्षांतल्या तीन गोष्टी या गावात अजून डोळ्यांनी बघता येतात, हे सिएनाचं भाग्य.

पहिली, कॅथेड्रलमधलं निकोला पिसानोचं संगमरवरी प्रवचनपीठ. करार १२६५ चा, काम १२६८ मध्ये पुरं. म्हणजे प्रोव्हेन्झान चौकात बसला त्याच्या आगेमागे इथे छिन्नी चालू होती. त्यातल्या माणसांची गर्दी बघण्यासारखी आहे : एकावर एक डोकी, जागा म्हणून कुठे शिल्लक नाही, आणि वस्त्रांच्या चुण्या जाड, वजनदार. माझ्या उतारावरच्या लोकांना असेच जड झगे द्यायचे. पातळ रेशमी झुळझुळ नको.

दुसरी, सेर्व्ही चर्चमधली कोप्पो दी मार्कोव्हाल्दोची मॅडोना, सही आणि १२६१ हे साल असलेली. कोप्पो फ्लोरेन्सचा. परंपरा अशी सांगते की ४ सप्टेंबर १२६० च्या मोन्तापेर्तीच्या लढाईत सिएनाने फ्लोरेन्सला धूळ चारली तेव्हा तो कैद झाला आणि हे चित्र रंगवून सुटला. ती लढाई जिंकून देणाऱ्यांत प्रोव्हेन्झान पुढे होता. आठ वर्षांनी त्याच प्रोव्हेन्झानवर दुसऱ्या कैद्यासाठी पैसे मागत बसायची पाळी आली. कोप्पोची कथा खरी असो-नसो, गावाने ती जपून ठेवली आहे. मॅडोनाच्या वस्त्रावरच्या सोनेरी रेघा मी वहीत उतरवून घेतल्या आणि लगेच बाजूला ठेवल्या. माझ्या चित्रात सोनं दिसता कामा नये.

तिसरी, बिक्केर्ना. नगरपालिकेच्या हिशेबवह्यांना लाकडी पुठ्ठे असायचे आणि ते रंगवून घ्यायची इथे पद्धत होती. सगळ्यांत जुना शिल्लक पुठ्ठा १२५८ चा. मला हवं होतं ते टेबल. कारण चौदाव्या शतकातला एक टीकाकार सांगतो की प्रोव्हेन्झानने चौकात एक मेज ठेवलं, त्यावर गालिचा अंथरला आणि तिथे बसून मागितलं. हिशेबनीसाच्या मेजाची उंची, कडेवरून लोंबणारं कापड, सगळं या पुठ्ठ्यांवर आहे. गावचा खजिना मोजायचं मेज आणि भीक मागायचं मेज एकाच घडणीचं धरलं.

१२ नोव्हेंबर

फळीला अस्तर. खडू आणि सरस, दोन हात, मध्ये घासून. वरून रॉ सिएना (पिवळट मातीरंग) आणि थोडं काळं टर्पेंटाइनमध्ये पातळ करून चिंधीने पुसून घेतलं. मधासारखा तपकिरी तळ तयार. पांढऱ्या तळावर उजेड दाखवता येत नाही. मध्यम तळावर उजेड आणि अंधार दोन्ही दोन फटक्यांत येतात.

१४ नोव्हेंबर

पेन्सिलीतल्या मांडण्या, हाताच्या तळव्याएवढ्या.

पहिली जी कुणालाही सुचेल ती : प्रोव्हेन्झान मधोमध, आपल्याकडे तोंड करून, भोवती अर्धवर्तुळात लोक, कुणी नाणं टाकतंय, कुणी डोळे पुसतंय, एक पोरगं बोट दाखवतंय. रंगमंचच. इतिहास-चित्रांच्या प्रदर्शनांत शेकड्यांनी असे पट लागले असतील. काही चुकत नाही आणि काही होतही नाही.

मग उताराचा विचार केला. सगळ्यांत खाली प्रोव्हेन्झान. आपण त्याच्या मागे, त्याहून थोडं खाली. त्याच्या पलीकडे चढत गेलेली माती आणि वर, बरंच वर, लोक. गर्विष्ठ माणूस खोलगट्यात आणि गाव त्याच्याकडे वरून बघतंय. इतिहासात तो नेमका कुठे बसला हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. ही माझी मुभा. या मांडणीत त्याच्यात आणि लोकांत मातीचा एक मोठा पट्टा मोकळा राहतो. पहिलं नाणं टाकायला कुणालातरी तेवढं अंतर चालून यावं लागेल, आणि अजून कुणी निघालेलं नाही. हाच क्षण.

गालिचा कोरा. नाणं एकही नाही.

१८ नोव्हेंबर

पालाझ्झो पुब्लिकोच्या 'साला देल रिसोर्जिमेन्तो'त, म्हणजे इटलीच्या एकीकरणाच्या दालनात, अर्धी दुपार. एकसंध इटलीचा पहिला राजा व्हित्तोरिओ एमानुएले याच्या मृत्यूनंतर हे दालन सजवलं, त्यातल्या चित्रकारांत चेझारे माक्कारी आहे, अमोस कासिओली आहे. कासिओलीच्या पालेस्त्रो आणि सान मार्तिनोच्या लढाया. हा माणूस इथून जवळच्या आशानोचा, जन्म १८३२, सिएनाच्या अकादमीत लुईजी मुस्सिनीच्या हाताखाली तयार झालेला. प्रोव्हेन्झानचा प्रसंग त्यानेही मोठ्या पटावर केला आहे, १८७० च्या दशकात.

मुस्सिनीची शिकवण कडक. रेषा आधी, रंग मागून. पंधराव्या शतकातल्या उस्तादांची शुद्धता. पाय जमिनीवर नीट टेकलेला आहे की नाही ते बघ, मग भावनांचं बोल. त्याच सुमारास फ्लोरेन्सच्या काफे मिकेलांजोलोत बसणारी पोरं वेगळंच बोलत होती : रेषा वगैरे नाही, डोळ्याला दिसतात ते उजेड-अंधाराचे डाग, माक्किया. १८६२ मध्ये एका वर्तमानपत्राने त्यांची टर उडवायला माक्कियाओली हे नाव वापरलं आणि तेच चिकटलं.

पण मला या दोन गटांतलं भांडण वाटतं तेवढं सरळ दिसत नाही. १८५९ ची रिकासोली स्पर्धा घ्या. तोस्कानाच्या हंगामी सरकारने इतिहास आणि लढायांच्या चित्रांसाठी ती लावली आणि आधी बॉत्झेत्तो मागवले. त्यात फात्तोरी निवडला गेला, माजेन्ताच्या लढाईनंतरच्या छावणीसाठी, आणि कासिओलीही, लेन्यानोच्या लढाईसाठी. एक माक्कियाओलींचा, दुसरा अकादमीचा. खर्ड्याच्या आकारात दोघंही डागांतच विचार करत असणार, कारण एवढ्याशा जागेत दुसरं काही करताच येत नाही. वेगळे झाले ते पुढे. एकाने मोठ्या पटावरही खर्ड्याचं धाडस टिकवून ठेवलं. दुसऱ्याने त्यावर वर्षानुवर्षं कुंचला फिरवून ते गुळगुळीत केलं. लेन्यानो पुरं व्हायला जवळपास दशक लागलं. चिलखताची कडी न् कडी मोजून घ्या.

हे लिहिताना कासिओलीवर अन्याय होतोय याची कल्पना आहे. कडी न् कडी रंगवायलाही हात लागतो, आणि तो माझ्याकडे नाही.

२१ नोव्हेंबर

मॉडेल. खालच्या मजल्यावरचे आजोबा तयार झाले, बदल्यात त्यांना त्यांच्या नातीचं एक पोर्ट्रेट हवंय. आजोबा जिराफ कोंत्रादाचे (कोंत्रादा म्हणजे सिएनाचा मोहल्ला), म्हणजे सांता मारिया इन प्रोव्हेन्झानो या चर्चच्या मोहल्ल्यातले. साल्वानींची घरं त्या भागात होती म्हणून मोहल्ल्याला ते नाव; जुलैचा पालिओ, म्हणजे काम्पोतली घोड्यांची शर्यत, तिथल्या मॅडोनाच्या नावाने होतो.

स्टुलावर पाठमोरं बसवलं, खांद्यावर जाड घोंगडी टाकली. म्हटलं, "सिन्योरे, मान जरा खाली घ्या, तुम्ही भीक मागताय." आजोबा म्हणाले, "मागतोय तर मागतोय. मान कशाला खाली? आमच्या गल्लीतला माणूस तो." दोनदा सांगून पाहिलं, मान तेवढ्यापुरती झुकायची आणि पुन्हा वर. शेवटी गप्प बसून जे समोर होतं ते काढलं.

आणि तेच बरोबर होतं. ताठ मान, कानामागून खाली उतरणाऱ्या दोन शिरा, त्यांच्यामधला खळगा. आणि खाली उजवा हात मात्र मांडीवर उताणा, बोटं अर्धवट मिटलेली, म्हातारपणाने आपोआप थोडी हलणारी. वरचा अर्धा माणूस अजून सिएनाचा धनी, खालचा अर्धा मागणारा. मान झुकवली असती तर नुसता एक दुःखी म्हातारा झाला असता.

दान्ते या माणसाला शुद्धिलोकात गर्विष्ठांच्या रांगेत ठेवतो, पाठीवर दगड घेऊन हळूहळू चालणारा. मरेपर्यंत पश्चात्ताप लांबवणाऱ्यांना खरं तर दाराबाहेर ताटकळावं लागतं. याला आत घेतलं ते केवळ या एका कृत्यापायी. गर्व गेला असं दान्तेही म्हणत नाही. एकदा, एका मित्रासाठी, त्याने तो गिळला, एवढंच.

२४ नोव्हेंबर

फळीवर सुरुवात. बर्न्ट अंबर (गडद तपकिरी मातीरंग), टर्पेंटाइनमध्ये सैल, चपट्या ब्रशने. आधी तीन मोठे डाग : वर लोकांचा गडद पट्टा, मध्ये मातीचा उजळ, खाली प्रोव्हेन्झानची गडद आकृती. बाहेरची रेषा कुठेच आखली नाही.

एकोणिसाव्या शतकात इथे बिटुमेन, म्हणजे डांबराचा रंग, फार चालायचं. लावल्या लावल्या तपकिरी अंधार इतका मऊ आणि खोल दिसतो की मोह होतोच. पण ते कधी पुरतं वाळत नाही. वरचा थर आकसतो आणि चित्र मगरीच्या पाठीसारखं तडकतं. संग्रहालयांतून अशी पुष्कळ चित्रं टांगलेली आहेत. मी अंबरमध्ये चिमूटभर आयव्हरी ब्लॅक घातलं. अंबरमध्ये मँगेनीज असल्याने ते लवकर वाळतं, काळं रेंगाळतं. म्हणून काळं कमीच.

डाग तपासायला काळा आरसा. माक्कियाओलींकडे असायचा, त्यात बघितलं की रंग मावळतात आणि नुसत्या छटा उरतात. मी बंद केलेला मोबाइल वापरते. चित्राकडे पाठ करून स्क्रीनमध्ये बघितलं : प्रोव्हेन्झान आणि लोकांचा पट्टा एकाच गडदपणाचे दिसले, म्हणजे डोळा सरळ वर पळणार. लोकांना एक पायरी उजळ केलं. आता ते उन्हात आहेत, हा नाही.

२५ नोव्हेंबर

दिवसभर पाऊस, उजेड नाही. ब्रश धुतले.

२८ नोव्हेंबर

रंग. पाटीवर पाचच ठेवले : बर्न्ट सिएना, रॉ सिएना, बर्न्ट अंबर, आयव्हरी ब्लॅक, पांढरा. गालिच्यासाठी थोडा लाल वेगळा. सिएना मातीला नाव या गावाचं, माती मुख्यतः आमियाता डोंगराच्या बाजूची. कच्ची पिवळट, भाजली की तांबूस. या चौकाची माती रंगवायला त्याच प्रदेशाची माती मिळते ही सोय दुसरीकडे कुठे मिळणार.

पांढऱ्याची पंचाईत. त्या लोकांचं पांढरं म्हणजे शिशाचं, बियाक्का. उबदार, जरा पारदर्शक, ब्रशचा ओरखडा जसाच्या तसा धरून ठेवणारं. विषारी असल्याने आता सहज मिळत नाही. टायटॅनियम पांढरं थंड आणि दाट. मातीच्या पट्ट्यावर टाकलं तर चुना फासल्यासारखं झालं. त्यात कणभर रॉ सिएना आणि जवसाच्या तेलाचा थेंब घालून लावलं, तेव्हा ऊन बसलं.

गालिचा मला चित्रातला सगळ्यांत तीव्र रंग हवा होता. लाल, त्यावर एक आडवा उजळ फटकारा, आणि बस. गालिचा तांबडा आणि कोरा असला म्हणजे त्यावर काही पडलेलं नाही हे लांबूनही कळतं. कुणी एखादं नाणं टाकलं असतं तरी ते चकाकलं नसतं. लोकांच्या खिशातले देनारी चांदी थोडी आणि तांबं फार अशा मिश्रणाचे, काळपट. अशा चिल्लरीतून पस्तीस किलो सोनं उभं करायचं होतं.

२ डिसेंबर

सरांना फोटो पाठवला. सर जे.जे.चे, आता निवृत्त, पण डोळा तसाच. पाच मिनिटांत फोन.

"डोळे मिचकावून बघितलंस का?"

"हो सर."

"मग वरचे लोक एवढे कशाला बोलतायत?"

खरं होतं. पट्ट्यात मी तेरा-चौदा डोकी वेगवेगळी केली होती, दोघांना टोप्या, एकीला पांढरा ओढणा. लांबून तिकडेच नजर जायची. दुसरा मुद्दा मात्र सरांनी मांडला तो मी मान्य केला नाही : चेहरा दाखव, इतिहास-चित्र पाठीवर उभं राहत नाही. मी म्हटलं, दान्तेनेही चेहऱ्याबद्दल एक शब्द लिहिलेला नाही, थरथर लिहिली आहे. सर म्हणाले, "ते कवीला चालतं." त्यांच्या दृष्टीने वाद मिटला. माझ्या दृष्टीने नाही.

५ डिसेंबर

लोकांचा पट्टा पॅलेट नाइफने खरवडला आणि ओल्यावर ओलं एका बैठकीत पुन्हा घातला. डोकी नाहीत, फक्त वरची कड जराशी वर-खाली. एका टोकाला एकच आकृती पट्ट्यापासून सुटून उभी ठेवली, पाय उतारावर टेकलेले, निघालेली नाही. हा बहुधा पहिलं नाणं टाकणारा. किंवा तमाशा बघून घरी जाणारा. खर्ड्यात ते ठरवायची गरज नाही, मोठ्या पटावर पडेल.

रंग वाळेपर्यंत सर्ग पुन्हा वाचला. प्रोव्हेन्झानची गोष्ट दान्तेला सांगतो तो ओदेरिसी, पोथ्या रंगवणारा गुब्बियोचा चित्रकार, स्वतः गर्वापायी दगडाखाली वाकलेला. तो आधी आपल्याच धंद्याचं सांगतो : आता बोलोन्याच्या फ्रान्कोची पानं माझ्यापेक्षा जास्त हसतात, चिमाबुएला वाटलं मैदान आपलं, आता जिकडेतिकडे ज्योत्तो. मग पुढे चाललेल्या प्रोव्हेन्झानकडे बोट दाखवून म्हणतो, एकेकाळी याच्या नावाने सगळं तोस्काना दणाणायचं, आता सिएनात त्याची जेमतेम कुजबुज होते. चित्रकारांच्या आणि सरदाराच्या कीर्तीला एकच तराजू. एवढा मोठा भाग चित्रकारांविषयी असूनही इतिहास-चित्रकारांनी रंगवायला उचलला तो सरदाराचाच. ओदेरिसीला कुणी विचारलं नाही, निदान माझ्या बघण्यात नाही. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत 'डिव्हाइन कॉमेडी'ची एल्फिन्स्टनने दिलेली जुनी हस्तलिखित प्रत आहे, तिची आठवण झाली. तीही कुणा ओदेरिसीच्या भाऊबंदांनीच नटवलेली.

प्रोव्हेन्झानचा शेवट लवकरच झाला, जून १२६९ मध्ये, कोल्ले दी व्हाल देल्साच्या लढाईत. त्याचं डोकं भाल्यावर खोचून रणात मिरवलं गेलं. मानेच्या शिरा रंगवताना हे माहीत असणं बरं की वाईट, सांगता येत नाही. ब्रश मात्र तिथे जरा जपून चालला.

१० डिसेंबर

खर्डा थांबवला. उताण्या हातावर उजेडाचा एक ठिपका दिला आणि मानेच्या खळग्यात एक गार राखाडी. वार्निश नाही, रंग आतून वाळायला महिने लागतील.

आजोबा बघून गेले. त्यांना पाठ पसंत आहे, गालिचा फार साधा वाटला. सरांना नवा फोटो पाठवला, उत्तर आलं : "लोक गप्प झाले. चेहऱ्याचं बोलणं बाकी आहे."

आता वाढवायचं. खर्ड्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून उभे सहा, आडवे चार चौकोन आखले. कॅनव्हास १२० बाय १९० सेंटिमीटर, म्हणजे पाचपट. पाचपटीत मातीचा तो मोकळा पट्टा जवळपास हातभर रुंद होतो आणि तो भरून काढायचा मोह तिथेच होणार : एखादं कुत्रं, एखादी पडलेली टोपी. पट्ट्याच्या चौकोनांवर ट्रेसिंगमध्ये तांबड्या पेन्सिलीने फुल्या मारून ठेवल्या आहेत. चौकटीच्या लाकडाची ऑर्डर दिली, कापड पुढच्या आठवड्यात ताणायचं, आणि त्याआधी आजोबांच्या नातीचं पोर्ट्रेट.